थकव्याचा हिशेब कोणाच्या नावे?

सप्टेंबर २०२४मध्ये एका आईचे पत्र देशभर वाचले गेले. तिची सव्वीस वर्षांची मुलगी सनदी लेखापाल होऊन पुण्यातल्या एका बड्या कंपनीत मार्चमध्ये रुजू झाली आणि जुलैमध्ये वारली. कामाच्या ओझ्याने ती गेली, असे आईचे म्हणणे. कंपनीने ते नाकारले. केंद्रीय कामगार मंत्रालयाने चौकशी जाहीर केली, अग्रलेख आले. मृत्यूचे कारण ठरवणे हा माझा अधिकार नाही. पण त्या पंधरवड्यात माझ्या जुन्या विद्यार्थिनींचे फोन येत राहिले. त्यांना मी मानसशास्त्र शिकवले. आता त्या खराडी-हिंजवडीत नोकऱ्या करतात. वेगवेगळ्या शब्दांत त्यांचा प्रश्न एकच होता : लाइफ कोचकडे जाऊन काही उपयोग होतो का?

आधी दुखणे काय ते पाहू. बर्नआउट आणि शीण यांत फरक आहे. शीण झोपेने जातो, दोन दिवस गावी जाऊन आले की उतरतो. बर्नआउट झालेला माणूस भरपूर झोपूनही सोमवारी सकाळी शुक्रवारी रात्री होता तिथेच असतो. दूध तळाशी करपते तसे हे आहे. वरून पातेले पांढरेशुभ्र, वास मात्र सगळ्या दुधाला.

हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला तो न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी, १९७४ साली. ते ज्यांच्याविषयी लिहीत होते ती मोफत दवाखान्यांत राबणारी ध्येयवेडी माणसे होती, आणि त्या राबणाऱ्यांत ते स्वतःही होते. कामचुकारांना हा विकार सहसा होत नाही, ही गोष्ट तेव्हापासून स्पष्ट आहे. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१मध्ये मोजमापाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती तीन गोष्टी तपासते : मनातले सगळे निथळून गेल्यासारखे वाटणे, माणसांविषयी आलेला कोरडेपणा, आणि ‘माझ्या हातून काही धड होत नाही’ ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये बर्नआउटला आजारांत न घालता व्यवसायाशी निगडित अवस्था मानले. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या ताणाचे नीट व्यवस्थापन न झाल्याने ती येते, अशी तिची व्याख्या. व्यवस्थापन कोणी करायचे, हे त्या व्याख्येत लिहिलेले नाही. सगळा वाद तिथेच आहे.

कोचचा धंदा जवळपास त्याच काळात जन्मला. टिमोथी गॉलवे यांचे टेनिसच्या ‘आतल्या’ खेळाविषयीचे पुस्तक १९७४चेच. जाळ्यापलीकडच्या प्रतिस्पर्ध्याहून डोक्यातला प्रतिस्पर्धी अवघड, हे त्याचे सूत्र. जॉन व्हिटमोर यांनी ते कार्यालयांत नेले. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशन १९९५मध्ये स्थापन झाले. त्याच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राला किमान साठ तासांचे प्रशिक्षण आणि शंभर तासांचा अनुभव लागतो. भारतात मात्र हे ऐच्छिक आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, कोचला कोणताच परवाना लागत नाही. शनिवार-रविवारी कार्यशाळा करून सोमवारी पाटी लावता येते. आणि लोक लावतात.

तरीही कामाचे कोच आहेत. माझ्या परिचयाच्या एका कोचबाईंनी, ओळख झाकून, सांगितलेले उदाहरण देते. बाणेरला राहणारी, हिंजवडीत टीम लीड असलेली चाळिशीची बाई. ‘मला वेळेचे नियोजन जमत नाही,’ ही तिची तक्रार. कोचबाईंनी नियोजनाचा एकही उपाय सांगितला नाही. दोन आठवडे वही ठेवायला सांगितली. पण काय काम केले हे त्यात लिहायचे नव्हते. प्रत्येक तासाचे काम करायचे हे कोणी ठरवले, एवढेच लिहायचे.

वही भरली तेव्हा रात्री साडेनऊचे अमेरिकेचे कॉल त्यात होतेच. त्यांचा त्रास तिला ठाऊक होता. ठाऊक नव्हते ते वेगळेच. दोन मॅनेजर तिला रोज परस्परविरोधी प्राधान्यक्रम देत होते आणि ती दोघांनाही ‘हो’ म्हणत होती. हाताखालच्या मुलांचे रेटिंग ठरवताना तिला कोणी विचारत नसे, पण त्यांची नाराजी तिच्याच टेबलावर येई. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटची मुळे सहा जागी शोधायला सांगितली आहेत : कामाचा भार, निर्णयाचा अधिकार, मोबदला आणि कौतुक, सहकाऱ्यांशी नाते, न्याय, आणि मूल्ये. बाई आली होती भाराची तक्रार घेऊन. वहीत सापडले ते अधिकार आणि न्याय. एक नोंद तिच्या नावावरही निघाली. मुलांनी केलेले काम ती रात्री बसून पुन्हा करत असे. तसे तिला कोणी सांगितले नव्हते.

पुढच्या दोन भेटी एका ई-मेलवर गेल्या. आठवड्याचा प्राधान्यक्रम दोन्ही मॅनेजरांनी मिळून ठरवावा आणि रात्रीचे कॉल पाचवरून तीनवर आणावेत, एवढीच मागणी. पहिल्या मसुद्याची सुरुवात ‘सॉरी’ने होती. चौथ्या मसुद्यात तो शब्द गेला. कॉल कमी झाले. प्राधान्यक्रमाचे मात्र एका मॅनेजरने मानले, दुसऱ्याने नाही. रेटिंगची पद्धत होती तशीच राहिली. बाई आठ महिने तिथेच होती. झोप सुधारली होती. मग तिने नोकरी बदलली. याला यश म्हणायचे का? मी म्हणते. कोचबाई ‘अर्धे’ म्हणतात.

त्यांचे ‘अर्धे’ संशोधनाशी जुळते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ८८ डॉक्टरांवर केलेली चाचणी २०१९मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना पाच महिन्यांत फोनवरून सहा वेळा, एकूण साडेतीन तास, कोचिंग मिळाले. या गटात तीव्र भावनिक थकवा असलेल्यांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटले. कोचिंग न मिळालेल्या गटात ते जवळपास १० टक्क्यांनी वाढले. साडेतीन तासांत एवढा फरक पडतो, हे मला थक्क करणारे वाटले. पण कोरडेपणा आणि नोकरीतले समाधान यांत दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दुसरीकडे, ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४मध्ये दाखवले, की ध्यानाची अ‍ॅप, ताणनियोजनाचे वर्ग असे व्यक्तीपुरते उपक्रम घेणारे कर्मचारी न घेणाऱ्यांपेक्षा बरे नव्हते.

दोन्ही एकत्र वाचले तर माझा निष्कर्ष असा. माणसाच्या हाती एखादा निर्णय परत आला तर कोचिंगचा उपयोग होतो. ‘तू जरा कणखर हो’ एवढेच त्यातून निघत असेल, तर ऑफिसचे देणे कर्मचाऱ्याच्या खात्यावर लिहिले जाते. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली गेली. २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. पण व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांवरची माणसे त्या कायद्याच्या बाहेर आहेत. म्हणजे बढतीचे पेढे वाटताना तासांची मर्यादाही वाटून टाकलेली असू शकते. कोचला मन कळावे तसे एवढे व्यवहारज्ञानही हवे.

थांबायचे कुठे, हेही त्याला कळायला हवे. बर्नआउट मुख्यतः कामाभोवती फिरते. रविवारी, लग्नकार्यात, आवडत्या गाण्यातही काही वाटेनासे झाले, भूक गेली, जगण्यात अर्थ नाही असे मनात येऊ लागले, तर ते नैराश्य असू शकते आणि ते काम डॉक्टरचे. थायरॉइड किंवा रक्तक्षयही असाच थकवा देतात. पहिल्याच भेटीत हे विचारणारा आणि गरज पडली तर शुल्क न घेता पुढे पाठवणारा कोच भरवशाचा समजावा. सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आहे. मराठीतही बोलता येते.

पैसे कोण देते, हा प्रश्न क्लायंटही विचारायला संकोचतात. स्वतः देत असाल तर कोच तुमचा. कंपनी देत असेल तर पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्यावे, की कंपनीला काय कळणार आणि काय नाही. मघाच्याच कोचबाईंना एका कंपनीने वर्षभराचे काम देऊ केले. अट अशी की दर महिन्याला उपस्थितांची यादी आणि प्रत्येकाच्या ‘सुधारणेचा टक्का’ कळवायचा. बाईंनी उलट प्रस्ताव दिला : नावे मिळणार नाहीत, पण पाचांहून अधिक जणांनी थकव्याचे एकच कारण सांगितले, तर ते कारण संचालकांपुढे मांडले जाईल आणि त्यावर त्यांनी तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे. कंपनीने विचार करून कळवतो म्हटले. त्याला आता सव्वा वर्ष झाले. विचार चालू आहे.