दुतोंड्या मारुती : महापुराचे लोकमान्य माप

नाशिकच्या रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही केवळ मूर्ती नव्हे. ते पुराचे लोकमान्य मापही आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की पाणी मारुतीच्या कमरेला, छातीला की गळ्याला लागले, हे पाहून काठावरचे लोक सावध होतात. आकडे न कळणाऱ्यालाही ही खूण कळते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मूर्ती पाण्याखाली गेली होती.

पूररेषेत बांधकामे होऊन पात्र आकसले, की तेवढ्याच विसर्गाने पाणी अधिक चढते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. नदीला तिची जागा मोकळी ठेवणे, ही त्याच घराची राखण होय.