पट्ट्याच्या जागेवरील घर

बुलढाण्यात स्थायिक होण्याचा निर्णय आमच्या कुटुंबाने १९८० नंतरच्या दशकात घेतला, आणि जी मिळकत आम्ही खरेदी केली तीत घर म्हणावे असे फारच थोडे होते. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, दगडमातीच्या रुंद भिंती आणि वाळवी लागलेल्या वाशांवर तोललेली मंगलोरी कौले, एवढाच तो इमला. परंतु त्याच्या पाठीमागे जवळजवळ अर्ध्या एकराचे मोकळे आवार, त्यात बांधीव विहीर, जुने कडुनिंब आणि कुंपणाच्या कडेने आपोआप रुजलेली सीताफळे.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका लहानशा घराच्या वाट्याला एवढी भूमी कशी आली, हे समजण्यासाठी मागे जावे लागते. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि पुढे जिल्ह्याचे ठाणे अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील या थंड पठारावर आले. मलकापूर-मेहकरच्या जुन्या पेठांतून घरे भिंतीला भिंत लावून उभी असताना, येथील कचेऱ्यांच्या आसपासची वस्ती मात्र विरळ आणि ऐसपैस राहिली. आमची जमीन सरकारी, म्हणजे नझुलाची होती, आणि तिच्यावर घर बांधणाऱ्यास मिळाला होता तो मुदतीचा पट्टा.

त्यामुळे खरेदीखत झाले ते इमल्याचे आणि पट्ट्याच्या हक्कांचे. पूर्वपरवानगी, नजराणा, मोजणी, चतुःसीमांचा पंचनामा आणि शेवटी फेरफार, असा तो दीर्घ प्रवास वडिलांनी चिकाटीने पार पाडला. तरीही आपल्या पायांखालची जमीन आपली नाही, मुदत संपताच नूतनीकरणासाठी पुन्हा अर्ज करावा लागेल आणि विनापरवानगी तिचे तुकडे केल्यास शर्तभंग होईल, ही चिंता त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

आवाराचे खरे मोल आम्हाला उन्हाळ्यांनी शिकविले. पैनगंगेवरील येळगाव धरणातून शहराला पाणी मिळते. पण पाऊस रुसला की नळाला पाणी येण्याचे दिवस लांबत जातात, आणि पठाराच्या काळ्या पाषाणात कूपनलिका खोदणाऱ्यांच्या हाती कित्येकदा केवळ धुरळा लागतो. आमची विहीरही आटे. परंतु आवारातील उतार वळवून, मुरुमात चर खणून आणि कौलांवरील पन्हाळीचे पाणी तिकडे नेऊन वडिलांनी पावसाळ्याचा ओघ तिच्या दिशेने वळविल्यानंतर, आषाढात मुरलेले पाणी शेजारच्या घरांनाही फाल्गुनापर्यंत पुरू लागले. ही सारी भूमी फरशीखाली गेली असती तर हे घडणे शक्यच नव्हते. मूल्यदर तक्त्यात मात्र अशा जागेचा भाव काय तो नमूद असतो. तिने जिरविलेल्या पाण्याला तेथे रकाना नाही, आणि ही उणीव मला अतिशय गंभीर वाटते.

पुढे जमिनीचे भाव चढले, चिखली मार्गाच्या बाजूने वस्ती वाढत गेली, आणि दलाल नकाशे घेऊन दारी येऊ लागले. आम्ही मोहात पडलो नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. भावंडांची शिक्षणे आणि लग्ने एकाच सुमारास आली होती. त्या वेळी आवार शाबूत राहिले ते आमच्या निग्रहापेक्षा पट्ट्यातील त्या शर्तीमुळे, जिने वडिलांना आयुष्यभर अस्वस्थ केले होते.

अमरावती व नागपूर विभागांतील नझुलाच्या निवासी जमिनी अधिमूल्य भरून पूर्ण मालकीच्या करून घेण्याची मुभा शासनाने दिली, तेव्हा आम्हीही अर्ज केला. पिढ्यान् पिढ्या पट्ट्यावर राहणाऱ्यांना हा न्याय मिळावयास हवाच होता. परंतु मालकीबरोबर विभाजनाचा मार्गही मोकळा होतो; म्हणून भावंडांनी एकत्र बसून वाटणीपत्र लिहिले, त्यात इमल्याचे हिस्से स्वतंत्र केले, आणि विहीर, चर व मागील आवार सामाईक ठेवून ते कोणीही वेगळे विकू नये, हे कलम सर्वांच्या स्वाक्षऱ्यांनिशी घातले.