शिफारसपत्र कोणाचे घ्यावे?

अमेरिकेत कायद्याचे शिक्षण पदवीनंतर सुरू होते. तेथील तीन वर्षांच्या जे. डी. अभ्यासक्रमासाठी बहुधा दोन शिफारसपत्रे मागतात, आणि त्यांतले निदान एक शिकविणाऱ्या प्राध्यापकाचे असावे अशी अपेक्षा असते. इकडून एलएल. बी. होऊन एलएल. एम.साठी तिकडे जाऊ पाहणाऱ्यांनाही शिफारशीचा हा प्रश्न चुकत नाही.

अशा वेळी आपल्याकडे प्रथम ओळखी आठवतात. वडिलांचे स्नेही असलेले निवृत्त न्यायमूर्ती, नाहीतर एखादे आमदार! पण ‘मुलगा सुशील व होतकरू आहे’ यापलीकडे ते बिचारे काय लिहिणार? विद्यार्थी विचार कसा मांडतो, प्रतिपक्षाचे म्हणणे नीट ऐकून घेतो का, दोष दाखविल्यावर निबंध पुन्हा लिहितो का, हे प्रवेशसमितीला हवे असते. आणि ते ठाऊक असते निबंध तपासणाऱ्या साध्या अधिव्याख्यात्याला. त्याचा विषय कायदाच हवा असे नाही. इतिहास वा गणितही चालते. पदवीला बरीच वर्षे लोटली असल्यास एक पत्र कामावरील वरिष्ठाचे घ्यावे.

जे. डी.साठी हे पत्र लेखकाकडून परस्पर लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिलकडे जाते. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यास ते पाहण्याचा हक्क १९७४ च्या कायद्याने दिला आहे. पण अर्जदाराला तो लेखी सोडता येतो, आणि सोडलेला बरा. न दाखविलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास अधिक बसतो. मात्र म्हणूनच ‘माझ्याविषयी मनापासून लिहिता येईल का?’ असे आधी स्पष्ट विचारावे. प्राध्यापक घुटमळले, तर आभार मानून दुसऱ्याकडे जावे. होकार मिळाल्यास जुना निबंध, गुणपत्रक आणि मुदतीची तारीख महिनाभर आधी त्यांच्या हाती द्यावी.