कुशल कामगार टिकावा कसा?

कारखाना उभारण्यास भांडवल, यंत्रे व कच्चा माल लागतो. परंतु तो चालतो अनुभवी हातांवर. कातारी, जोडारी किंवा ओतकाम करणाऱ्याचा हात बसण्यास काही वर्षे जावी लागतात. असा कामगार नोकरी सोडून गेला, म्हणजे त्याच्या प्रशिक्षणावरील खर्च वाया जातोच. शिवाय नवा माणूस तयार होईपर्यंत माल बिघडतो, अपघातांचा संभव वाढतो आणि मागे राहिलेल्यांवर जादा भार पडतो. म्हणून कामगार टिकविणे हा केवळ कल्याणाचा नव्हे, तर उत्पादकतेचाही प्रश्न आहे.

वेतन : पहिली पायरी

अमेरिकेतील फोर्ड मोटार कारखान्याला सुमारे १४ हजार कामगारांची संख्या कायम राखण्यासाठी १९१३ मध्ये ५० हजारांहून अधिक माणसे नेमावी लागली. फिरत्या पट्ट्यावरील कंटाळवाण्या कामाला लोक विटत असत. जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने कामाचे तास नवावरून आठ केले आणि रोजची मिळकत जवळजवळ दुप्पट, म्हणजे पाच डॉलर केली. गळती झपाट्याने घटली. मात्र या लाभासाठी कामगाराच्या घरगुती राहणीचीही तपासणी होई, आणि ती अनेकांना जाचक वाटे. पगारवाढ देताना माणसाचा स्वाभिमान दुखावू नये, हाही या प्रयोगाचा धडा होय.

घर आणि वसाहत

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल स्थानकाजवळ, निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखान्याबरोबरच वस्तीही वसविली, तीच किर्लोस्करवाडी. शहरापासून दूर कारागीर नांदायचा, तर त्याच्या कुटुंबाचीही सोय हवी, हे यामागील साधे सूत्र. जमशेदपूर येथील टाटांच्या पोलाद कारखान्याने १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस, १९१५ मध्ये मोफत वैद्यकीय मदत, १९२० मध्ये भविष्य निर्वाह निधी आणि १९३७ मध्ये उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, सुरू केली. भविष्य निर्वाह निधीचा कायदा देशात १९५२ मध्ये, तर उपदानाचा १९७२ मध्ये झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या उपायांचे महत्त्व पटते.

सेवेचे फळ

१९७२ च्या कायद्याने पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन देण्याची तरतूद केली. सेवा वाढेल तशी पुंजी वाढेल, हे त्याचे मर्म. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठराविक मुदतीच्या कामगारांना एक वर्षाच्या सेवेनंतरही हा लाभ देऊ केला आहे. स्त्री कामगारांसाठी २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. मूल सुरक्षित असले, तर अनुभवी स्त्रीला काम सोडावे लागत नाही.

कायद्याने न मिळणाऱ्या गोष्टीही तितक्याच मोलाच्या आहेत. नवे कौशल्य शिकण्याची संधी, ठरलेल्या निकषांवर बढती, तक्रारीचा वेळीच निकाल आणि वरिष्ठांची सौजन्यपूर्ण वागणूक यांना फारसा खर्च येत नाही. याउलट करारपत्राने किंवा कागदपत्रे अडकवून माणूस बांधून ठेवता येईल. त्याचे मन कामात राहणार नाही.

गावाचा वाटा

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर उद्योग मुंबई-पुण्याबाहेर, लहान गावांच्या शिवारापर्यंत पोहोचले. तेथे कामगार टिकणे हे केवळ व्यवस्थापनाच्या हाती नसते. पिण्याचे पाणी, चांगली शाळा, आरोग्य केंद्र, पहिल्या व शेवटच्या पाळीला सोयीची एस.टी. आणि माफक भाड्याचे घर मिळाले, तरच कुटुंब तेथे स्थिरावते. ग्रामपंचायत, शाळा आणि कारखाना यांनी या गोष्टींचा एकत्र विचार केल्यास कामगार गावचा रहिवासी होईल आणि त्याचे कौशल्य गावातच रुजेल.