गोधडी प्रदर्शनात मांडताना

गोधडी ही अंथरण्या-पांघरण्याची वस्तू. ती भिंतीवर टांगावी आणि चार हात दूर उभे राहून तिच्याकडे पाहावे, ही कल्पना आमच्या आज्यापणज्यांच्या स्वप्नीही आली नसेल, आणि परदेशातही ती फार जुनी नाही. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ साली अमेरिकन स्त्रियांच्या हातच्या गोधड्या चित्रांप्रमाणे भिंतींवर लावल्या, तेव्हापासून ही दृष्टी विशेषेकरून रूढ होत गेली. आता आपल्याकडेही जुन्या ट्रंकांतल्या गोधड्या, वाकळी आणि दुपटी प्रदर्शनाच्या निमित्ताने उजेडात येतात. परंतु त्यांची पूर्वतयारी करणारी मंडळी बहुधा मुलगी दाखवायला काढावी तशा लगबगीने त्यांना न्हाऊ घालून, खळ देऊन आणि इस्त्री फिरवून सज्ज करतात. पुढचे बहुतेक गैरसमज या लगबगीतूनच उद्भवले आहेत.

त्यांतला सर्वांत घातक समज असा की, गोधडी धुतलीच पाहिजे, आणि रंग जाऊ नये म्हणून पाण्यात मूठभर मीठ टाकले की पुरेसा बंदोबस्त झाला. या श्रद्धेपायी माझ्या आजीची एक गोधडी मी स्वतःच्या हाताने बिघडवली आहे. तिच्या कडेला नऊवारी लुगड्याचा लाल काठ होता आणि त्याला लागून आजोबांच्या धोतराचा पांढरा चौकोन. बादलीतून बाहेर काढली तेव्हा तो चौकोन गुलाबी झाला होता आणि धावदोऱ्याच्या प्रत्येक टाक्याभोवती रंगाचे एकेक कडे उमटले होते. वस्तुस्थिती अशी की, सूत रंगवताना रंग धाग्यात शिरावा म्हणून काही रंगांच्या कढईत मीठ घालतात हे खरे; परंतु एकदा चढलेला रंग पक्का करण्याचे सामर्थ्य त्यात नाही. शिरक्याचीही तीच कथा: लोकर व रेशीम रंगवण्याच्या काही प्रकारांत आम्ल लागते, म्हणून सुती कापडावर त्याचा अधिकार चालत नाही. शिवाय एकाच गोधडीत निरनिराळ्या काळची लुगडी, परकर, सदरे आणि धोतरे एकत्र नांदत असल्यामुळे एका रंगाची परीक्षा दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून धुणे अपरिहार्यच असेल तर प्रत्येक रंगावर, दोऱ्यावरसुद्धा, ओलसर पांढरे फडके काही वेळ दाबून पाहावे. एकाही जागी डाग उमटला तर पाण्याचा विचार सोडावा. भिजलेली गोधडी दोरीवर टाकणे हा तर निव्वळ अविचार होय, कारण पाणी प्यालेल्या थरांचा भार जीर्ण सुताला पेलत नाही. तिला बाजेवर आडवी पसरून सावलीत वाळवावी. बहुतेक वेळा मात्र धूळ काढणे एवढेच काम असते, आणि त्यासाठी मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा वर पसरून व्हॅक्यूम क्लीनर मंद ओढीवर, हलक्या हाताने फिरवला की पुरते.

खळ आणि इस्त्री यांच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. खळ हे कसरीचे आवडते खाद्य आहे. आणि इस्त्रीने, धावदोऱ्यामुळे कापडावर उठलेल्या ज्या बारीक लाटा हेच गोधडीचे खरे सौंदर्य, त्या सपाट होतात. डांबरगोळ्यांचा उपयोगही बंद पेटीपुरताच. उघड्या दालनात त्यांच्या वाफेचा किड्यांना काही धाक नसतो, त्रास होतो तो पाहुण्यांना.

टांगण्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. वरच्या दोन कोपऱ्यांना चिमटे लावले किंवा खिळे ठोकले की काम भागले, असे पुष्कळांना वाटते. पण मग सारा भार दोन ठिकाणी एकवटतो, मधला भाग लोंबतो आणि खिळ्याचा गंज कापडात उतरतो तो कायमचाच. यावर तोड म्हणजे नेफा. परकराच्या नाडीला करतात तसाच, परंतु सुमारे चार इंच रुंदीचा आणि गोधडीच्या जवळजवळ पूर्ण लांबीचा, धुतलेल्या मांजरपाटाचा नेफा मागच्या बाजूस वरच्या कडेजवळ हाताने शिवावा. टाका अस्तरात आणि आतल्या थरांत जावा, दर्शनी कापडावर उमटू नये. नेफ्याची बाहेरची बाजू थोडी सैल ठेवावी, म्हणजे नळीचा फुगवटा मागे राहतो आणि पुढून गोधडी सपाट दिसते. नळी ॲल्युमिनियमची बरी. लाकडाचीच असेल तर उघड्या लाकडातून निघणारे आम्ल कापडाला लागू नये अशी तजवीज करावी. जिचे सूत विरले आहे ती गोधडी मुळीच टांगू नये. उतरत्या फळीवर निजवावी.

ऊन टाळले की रंग सुरक्षित, हाही असाच एक भोळा समज. दिव्याच्या प्रकाशानेही रंग विटतो, आणि हे नुकसान साचत जाते: ५० लक्सचा उजेड दहा तास आणि ५०० लक्सचा एक तास, यांचा हिशेब जवळपास सारखाच. संग्रहालये नाजूक वस्त्रांसाठी ५० लक्सची मर्यादा पाळतात ती यासाठी. पुढे अंधारात विश्रांती दिल्याने उडालेला रंग परत येत नाही, एवढेच की नवे नुकसान थांबते.

राहिली दुरुस्ती. प्रदर्शनात भोके दिसू नयेत म्हणून नवी ठिगळे लावण्याचा मोह अनेकांना अनावर होतो. परंतु वरचा थर झिजून आतले चौकड्याचे लुगडे डोकावते तेव्हा ती गोधडी स्वतःची वंशावळच दाखवत असते. असा दस्तऐवज झाकणे मला तरी पटत नाही. धागे सुटत असतील तर तेवढ्यावर बारीक जाळीचे कापड विरळ टाक्यांनी धरावे, म्हणजे पुढे काढताही येते. मागच्या कोपऱ्यात मात्र सुती पट्टीवर, धुण्याने न जाणाऱ्या शाईने, शिवणारीचे नाव, गाव आणि अंदाजे साल लिहून ती पट्टी अवश्य शिवावी.

आणि "हात लावू नये" ही पाटी? ती लावावी, परंतु तिच्यावर विसंबू नये. गोधडी दिसली की माणसाचा हात पुढे होतोच, विशेषतः वयस्क बायकांचा. अमेरिकेतील प्रदर्शनांत म्हणून पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक उभे असतात. मागची बाजू पाहायची असेल तर तेच कड उलटून दाखवतात. आमच्या एका छोट्या प्रदर्शनात आम्ही शेजारच्या टेबलावर तशाच जुन्या कापडांचा, तशाच धावदोऱ्याचा हातभर तुकडा मुद्दाम शिवून ठेवला होता. प्रदर्शन संपले तेव्हा त्याच्या कडा काळवंडल्या होत्या आणि एक टाका उसवला होता. भिंतीवरच्या गोधडीला कोणी शिवलेही नव्हते.