मनाचा भार, मेंदूची नोंद : एका मापनाचा मागोवा

संगणकाच्या पडद्यासमोर चालणारे श्रम डोळ्यांना फारसे दिसत नाहीत. हवाई वाहतूक नियंत्रकाच्या पडद्यावर चार विमाने असोत वा चौदा, त्याची बैठक आणि बोटांची हालचाल जवळजवळ तीच राहते; बदलतो तो मानसिक भार, म्हणजे कामाची मागणी आणि ती भागवण्यासाठी त्या क्षणी उपलब्ध असलेली बौद्धिक क्षमता यांच्यातील ताण. हा भार जाणण्यासाठी सँड्रा हार्ट व लॉवेल स्टेव्हलँड यांनी १९८८ मध्ये मांडलेली ‘नासा-टीएलएक्स’ ही सहा निकषांची प्रश्नावली आजही वापरली जाते. परंतु तिची उत्तरे सहसा काम संपल्यावर मिळतात. काम चालू असतानाच भार कळावा, या गरजेतून संशोधकांचे लक्ष मेंदूकडे वळले.

या शोधाचे मूळ जर्मनीतील येना येथे आहे. तेथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत लहरी डोक्यावरून टिपल्या आणि १९२९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. सेकंदाला सुमारे आठ ते तेरा आवर्तने असलेल्या अल्फा लहरी डोळे उघडताच किंवा मनातल्या मनात हिशेब करू लागताच क्षीण होतात, हे त्यांचे निरीक्षण पुढील सर्व मापनाचा पाया ठरले. १९६५ मध्ये सॅम्युअल सटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पी-३००’ या प्रतिसादाचे वर्णन केले. अर्थपूर्ण किंवा अनपेक्षित घटनेनंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी किंवा त्याहून थोडे उशिरा मेंदूआलेखात, म्हणजे या विद्युत लहरींच्या नोंदीत, उमटणारा हा धन उंचवटा होय. इलिनॉय विद्यापीठात इमॅन्युएल डोंचिन, ख्रिस्तोफर विकेन्स आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास दाखवले की, मुख्य काम अवघड झाले की मधूनमधून ऐकवलेल्या दुय्यम ध्वनींना मिळणारा हा प्रतिसाद खुजा होतो; कारण लक्षाचा साठा मर्यादित असून त्याचा मोठा वाटा मुख्य कामाकडेच गेलेला असतो.

तथापि, नोंदवलेला बदल खरोखर विचाराचाच आहे, याची खात्री देणे सोपे नव्हते. अॅलन गेव्हिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की, लेखनासारख्या गुंतागुंतीच्या कामांमध्ये मेंदूलहरींचे जे ठळक फरक आढळतात, ते समोरचे दृश्य, हाताची हालचाल आणि कामगिरीचा दर्जा समान ठेवला की मावळतात. या क्षेत्राच्या इतिहासातील हा सर्वांत मोलाचा इशारा होय. आणि त्याचे उत्तरही गेव्हिन्स यांच्याच गटाने शोधले. त्यांनी अशी कामे निवडली की ज्यांत पडद्यावर एकामागून एक येणारी चिन्हे आणि कळ दाबण्याची कृती तीच राहते, मात्र समोरचे चिन्ह आधीच्या चिन्हाशी ताडून पाहण्यासाठी स्मरणात धरायचा मजकूर कमीअधिक होतो. अशी तात्पुरती माहिती धरून ठेवणाऱ्या स्मृतीला कार्यस्मृती म्हणतात. तिच्यावरचा भार वाढला की कपाळामागील मध्यभागी थीटा लहरी, म्हणजे सेकंदाला सुमारे चार ते आठ आवर्तनांच्या लहरी, वाढतात आणि अल्फा लहरी घटतात. १९९८ मधील त्यांच्या अभ्यासात संगणकीय चेताजालांनी कमी व जास्त भाराचे नमुने ९५ टक्क्यांहून अधिक अचूकतेने वेगळे ओळखले. मध्यम भाराच्या बाबतीत ही अचूकता ८० टक्क्यांच्या वर राहिली.

दरम्यान, १९९५ मध्ये नासाच्या लँगली केंद्रात अॅलन पोप व सहकाऱ्यांनी अल्फाहून जलद असलेल्या बीटा लहरींना अल्फा आणि थीटा यांच्या बेरजेने भागून व्यक्तीच्या गुंतलेपणाचा निर्देशांक काढला आणि त्यानुसार काम यंत्राकडे द्यायचे की माणसाकडे ठेवायचे, हे ठरवणारी रचना तपासली. भारतात जन्मलेले राजा परशुरामन यांनी ‘न्यूरोअर्गोनॉमिक्स’ या नावाने मेंदूविज्ञान आणि कार्यरचनाशास्त्र यांची सांगड घातली. पुढे प्रकाशाच्या शोषणावरून मेंदूतील रक्ताचे प्राणवायूप्रमाण ताडणारी साधनेही आली; आणि २०१६ मध्ये पिएत्रो अरिको व सहकाऱ्यांनी हवाई नियंत्रणाच्या वास्तवसदृश सरावात मेंदूआलेखावरून यंत्राचे साहाय्य आपोआप सुरू करण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला.

या वाटचालीतून एक निष्कर्ष ठामपणे निघतो. प्रश्न जितका नेमका, तितके हे मापन विश्वासार्ह असते. एकाच व्यक्तीच्या, एकाच प्रकारच्या कामातील चढउतार ते चांगले दाखवते. परंतु व्यक्ती, दिवस किंवा काम बदलले की त्याची अचूकता घसरते, आणि डोळ्यांची उघडझाप व जबड्याचे स्नायू नोंदीत भेसळ करतात. म्हणून दोन कर्मचाऱ्यांची तुलना करण्यासाठी किंवा त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी या आकड्यांचा वापर करणे शास्त्रीयदृष्ट्या दुबळे आणि नैतिकदृष्ट्या अन्यायाचे ठरते. चिली या देशाने २०२१ मध्ये मेंदूतील माहितीच्या संरक्षणाचा उल्लेख आपल्या राज्यघटनेत केला, तो योग्य वेळी. पडद्याची मांडणी सुधारणे, सूचनांची गर्दी कमी करणे, थकव्यापूर्वी मदत पोहोचवणे, ही या ज्ञानाची खरी कामे आहेत. मेंदूच्या नोंदीने माणसाला नव्हे, तर त्याच्यापुढे ठेवलेल्या कामाला तपासले पाहिजे.