संथ, जड आणि ८३ मिनिटांचं

मंगळवारी, २२ जुलै २०२५ ला रात्री उशिरा ऑझी ऑस्बर्न गेल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी जो तो वटवाघळाचं डोकं चावल्याचा किस्सा सांगत सुटला. त्या गदारोळात मूळ गोष्ट मागे पडली. ऑझी ज्या ब्लॅक सॅबथमध्ये गायचा, त्या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला आणि त्यातल्या पहिल्याच गाण्यातून एक अख्खं घराणं निघालं. डूम मेटल. मेटल म्हणजे वेग आणि आरडाओरडा, असं ज्यांना वाटतं त्यांनी इकडे लक्ष द्यावं. इथे वेगाला मज्जाव आहे.

ते गाणं पाऊस आणि घंटेच्या आवाजानं सुरू होतं. मग गिटारवर तीन सूर: सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. घरात पेटी असेल तर वाजवून पाहा. मध्यम तिथेच लोंबकळत राहतो, कान पंचमाची वाट बघतो आणि पंचम काही येत नाही.

सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्रात उजव्या हाताची मधली दोन बोटं सापडली आणि त्यांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा चढवल्या, पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’साठी त्या तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. सूर उतरला तसा आवाज जड झाला.

पुढची वंशावळ थोडक्यात. १९८६ साली स्वीडनच्या कँडलमासनं या प्रकाराला शोकांतिकेचा थाट दिला. नव्वदीच्या सुरुवातीला इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातल्या पॅरडाइज लॉस्ट आणि माय डाइंग ब्राइड या बँडनी त्यात दुःख मुरवलं. माय डाइंग ब्राइडनं तर व्हायोलिनही आणलं. फिनलंडच्या स्केप्टिसिझमनं १९९५ मध्ये चर्चमधल्या ऑर्गनचा सूर लावला.

पण एकच अल्बम ऐकायचा असेल, तर सिअॅटलच्या बेल विचचा ‘मिरर रीपर’, २०१७ चा. बँडमध्ये माणसं दोन, गिटार नाहीच. सहा तारांचा बास आणि ड्रम, मधूनच ऑर्गन. गाणं एकच, ८३ मिनिटांचं. बासचा एक सूर लागतो, पसरतो, विरत जातो. पूर्ण विरल्यासारखा वाटला की दुसरा येतो. ड्रमचे ठोके इतक्या अंतरानं पडतात की पुढचा कधी पडेल याचा अंदाज बांधणं ऐकणारा सोडून देतो. बँडचा आधीचा ड्रमर एड्रियन गेरा २०१६ मध्ये वारला. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये शिल्लक राहिलेला त्याचा आवाज सोबत्यांनी या गाण्याच्या मध्यावर बसवला आहे. गेलेला माणूस आपल्याच शोकगीतात गातो, हे कळल्यावर ८३ मिनिटं फार वाटत नाहीत.

हे सगळं परदेशी खूळ वाटत असेल, तर अमीर खाँसाहेबांची १९६० ची मारव्याची रेकॉर्ड काढा. अतिविलंबित झुमरा, चौदा मात्रा, एका आवर्तनाला मिनिटाच्या आसपास वेळ. मारव्यातही तीव्र मध्यम आहे, पंचम वर्ज्य आहे आणि षड्जावर टेकायची सोय शक्य तितकी लांबवलेली असते. म्हणून खाँसाहेब आणि ऑझी एका पंगतीत बसवायचे असं नाही. मेटलवाले रागावतील, खयालवाले त्याहून जास्त. पण संध्याकाळची हुरहूर घाईनं गाता येत नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

वर्धेकरांना तर याहून जवळचा दाखला आहे. सेवाग्रामला उघड्या आभाळाखाली अजूनही सायंप्रार्थना होते. १९३६ साली इथे राहायला आलेल्या गांधीजींना ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती भजन फार प्रिय. दिवस मावळताना, मरण समोर दिसत असताना ‘सोबत राहा’ अशी विनवणी करणारं, अत्यंत संथ चालीचं. २०२२ मध्ये ते प्रजासत्ताक दिनाच्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यातून वगळलं तेव्हा केवढी ओरड झाली! ते ऐकून गांधीजी खचत होते, असं मात्र कुणी म्हटलेलं नाही.

मग लोक दुःखी संगीत ऐकतात तरी का? बर्लिनमधल्या तरुफी आणि कोल्श या संशोधकांनी ७७२ जणांना हेच विचारलं. २०१४ च्या त्यांच्या अभ्यासात सर्वाधिक लोकांनी सांगितलेली भावना दुःखाची नव्हतीच, ती गतस्मृतींची होती. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठानं २०१५ मध्ये मेटल आणि तसल्याच जहाल संगीताच्या ३९ चाहत्यांना आधी मुद्दाम चिडवलं. मग अर्ध्यांना त्यांचंच आवडतं संगीत ऐकवलं, बाकीच्यांना शांत बसवलं. संगीतानं राग वाढला नाही, उतरला. बातम्यांनी एवढंच उचललं. शांत बसलेल्यांचाही राग उतरलाच होता, हे गाळलं. फरक होता तो उमेदीत: ती फक्त संगीत ऐकणाऱ्यांची वाढली. ३९ जणांवरून जगाचा निवाडा करू नये, पण ‘मेटलनं पोरं बिघडतात’ म्हणणाऱ्यांकडे तेवढेही नाहीत.

वर्ध्यात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये घेतलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. पोरगं दार लावून तासभर मरणाची गाणी ऐकतंय म्हटल्यावर इथल्या आईच्या काळजाचा ठोका चुकणारच. ऑझीलाही ‘सुइसाइड सोल्यूशन’ या १९८० च्या गाण्यावरून अमेरिकेत कोर्टात खेचलं होतं. ते गाणं दारूच्या नाशाबद्दल आहे, असं त्याचं म्हणणं. १९८८ मध्ये अपील न्यायालयानंही दावा फेटाळला. नापिकी, कर्ज आणि कापसाचा भाव यांचा हिशेब गाण्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पोरगं जेवेनासं, बोलेनासं झालं असेल तर हेडफोन हिसकावू नका. त्याच्याशी बोला, डॉक्टरांकडे न्या.

महाराष्ट्रातही हा आवाज आहे. मुंबईच्या डर्ज या बँडनं २०१८ मध्ये ‘आह पुच’ हा अल्बम काढला. माया संस्कृतीतल्या मृत्युदेवाचं ते नाव. घरचा यम आणि त्याचा रेडा सोडून ही मंडळी थेट मध्य अमेरिकेत का गेली, देव जाणे! पण वाजवतात दणकट. बँडच्याच नावाचा दुसरा अल्बम २०२२ चा. सुरुवात त्यांच्यापासून करायला हरकत नाही, ‘मिरर रीपर’ला नंतर सवडीनं बसता येईल. फक्त फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बासचे खालचे सूर त्यातून धड बाहेर पडत नाहीत, आणि या संगीतात निम्मा ऐवज तिथेच आहे.